विद्याप्रकाशनाचा भार कोणी वाहावा?



ज्या ग्रंथपालांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग नियतकालिकांच्या कपाटांपाशी घालविला, आणि वर्गणी भरण्याची ऐपत न उरल्यामुळे एखाद्या नियतकालिकाचे अंक येणे थांबले की कपाटातील ती मोकळी जागा त्यांना घरातील हानीप्रमाणे बोचत असे, हे त्यांच्या सहवासातील मंडळींस ठाऊक आहे. तेव्हा या व्यासपीठावरून विद्वत्तेच्या वैभवाविषयी बोलण्यापेक्षा तिच्या जमाखर्चाविषयी बोलणे मला अधिक उचित वाटले. शोधनिबंध व संशोधनग्रंथ लोकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य नफ्याची अपेक्षा न धरता करणाऱ्या संस्थांनी तग कसा धरावा, आणि तग धरण्याच्या खटाटोपात त्यांच्या हातून कोणावर अन्याय होऊ नये यासाठी काय तजवीज करावी, असा आजचा विषय आहे. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत अशी सर्वसाधारण समजूत असते. व्यवहारदक्ष माणसे पहिल्याची चिंता वाहतात आणि ध्येयवादी माणसे दुसऱ्याची. माझे म्हणणे असे आहे की, खर्च कोणाकडून वसूल करावयाचा हे एकदा ठरले की संस्था किती काळ टिकेल हेही बऱ्याच अंशी ठरून जाते, आणि म्हणून न्यायाचा विचार बाजूस ठेवून स्थैर्याचा विचार करताच येत नाही.

विद्याकार्याचा खर्च म्हणजे नेमके काय, हे पाहावयास दूर जाण्याची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले आणि १९६६ साली तडीस नेले. त्या कामातील पाठभेद नोंदविण्याचा कागद कसा असे, याचे वर्णन प्रधान संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांनी लिहून ठेवले आहे. उभ्याआडव्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदाच्या माथ्यावर, गणपत कृष्णाजींच्या शके १७९९ मधील मुंबई आवृत्तीप्रमाणे, एक श्लोक ठळक अक्षरांत लिहावयाचा. खाली प्रत्येक हस्तलिखितास एक ओळ नेमून द्यावयाची. आणि त्या हस्तलिखितात जेथे जेथे निराळे अक्षर असेल तेथे ते मूळ अक्षराच्या बरोबर खाली, त्याच रकान्यात उतरवावयाचे. उजवीकडे चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यांसाठी राखलेला असे, आणि तेवढ्यात न मावणारे अधिक श्लोक निराळ्या शोधपत्रावर लिहून त्या कागदास जोडले जात. उत्तरेकडील व दक्षिणेकडील लिपी जाणणारे शास्त्री आणि विद्यापीठाचे पदवीधर हे काम दिवसचे दिवस करीत बसत. त्यांना वेतन द्यावे लागे, आणि ते दिले जाई. एकूण १,२५९ हस्तलिखिते या कामी उपयोगात आली. १९४३ साली सुखठणकर निवर्तले, पुढे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ती धुरा वाहिली. माणसे गेली, पण रकाने भरले जात राहिले.

या कार्याच्या मुळाशी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली दिलेले एक लाख रुपयांचे अभिवचन होते, आणि पुढे सरकार, संस्थानिक व विद्यापीठे यांच्या साहाय्याने ते चालले. त्या द्रव्याच्या रकमेपेक्षा त्याच्या स्वभावाकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. ते द्रव्य थांबावयास तयार होते. दरसालच्या निष्पत्तीचा तक्ता पाहून पुढील हप्ता रोखून धरण्याची वृत्ती दात्यांची असती, तर आदिपर्वाची सिद्धता होण्याच्या आतच हे काम गुंडाळावे लागले असते. आज संशोधनाला मिळणारी अनुदाने बहुधा तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीची असतात, आणि प्रकाशनासाठी मिळणारी त्याहूनही आखूड. सत्तेचाळीस वर्षांच्या कामाची कल्पना कोणी अर्जात लिहिली तर तो अर्ज छाननीतच बाद होईल, असे मला खेदपूर्वक वाटते.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी याहून निराळा मार्ग चोखाळला. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी राजाश्रयाची वाट न पाहता मर्यादित मंडळी स्थापन केली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळविण्यासाठी स्वतः गावोगाव हिंडले, आणि तेवीस खंड मराठी वाचकांच्या हाती दिले. या उद्योगाचा इतिहास त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात सांगितला आहे, आणि विद्याव्यवसायाचे अर्थकारण स्वतःच्या अनुभवावरून इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा मराठी ग्रंथ मला माहीत नाही. केतकरांनी खर्चाचा भार समाजातील मध्यम स्थितीच्या माणसांवर थोडा थोडा वाटून टाकला, ही त्यांच्या योजनेतील खरी प्रतिभा होती; परंतु सर्व यंत्र एका पुरुषाच्या श्रमावर फिरत होते, आणि त्याच्यामागून ते फिरते ठेवणारी घडी बसली नाही.

युरोपातही विद्याप्रकाशन हा मूळचा किफायतीचा धंदा नव्हता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक स्वतःच्या जबाबदारीवर काढले, आणि त्यातून आपला चरितार्थ चालेल अशी आशा धरली. ती त्यांच्या अपेक्षेप्रमाणे फळास आली नाही. १७५२ साली सोसायटीने ते अधिकृतपणे आपल्याकडे घेतले, आणि त्यानंतर सुमारे दोन शतके ते पदरमोड करून चालविले. विद्वत्सभेने आपल्या सभासदांच्या वर्गणीतून व देणग्यांतून ग्रंथ छापावेत आणि परस्पर देवघेवीने किंवा भेटीदाखल ते इतर सभांस पाठवावेत, अशीच ती वहिवाट होती.

हे चित्र दुसऱ्या महायुद्धानंतर पालटले. विज्ञानावर सरकारे मुक्तहस्ताने खर्च करू लागली, नवनवी विद्यापीठे निघाली, आणि रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या पर्गमॉन प्रेससारख्या व्यापारी प्रकाशकांच्या ध्यानात एक गोष्ट आली की, एका नियतकालिकाच्या जागी दुसरे चालत नाही. धान्य महाग झाले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. पण जो निबंध एकाच ठिकाणी छापला आहे तो वाचावयाचा तर तेच नियतकालिक घ्यावे लागते. शिवाय घेणारा ग्रंथपाल आणि वाचणारा प्राध्यापक हे निराळे असल्यामुळे वाचणाऱ्यास किंमत कधी कळतच नाही. लेखक मोबदल्यावाचून लिहितात, परीक्षक मोबदल्यावाचून तपासतात, आणि त्यांच्या श्रमाचे फळ त्यांच्याच विद्यापीठास विकले जाते. पुढे १९९१ साली पर्गमॉन एल्सव्हिअरने विकत घेतली, आणि नियतकालिकांचे स्वामित्व थोड्या हातांत एकवटत गेले.

याविरुद्ध जो सात्त्विक संताप उसळला त्यातून, संशोधन सर्वांस फुकट वाचावयास मिळावे असे सांगणारा २००२ सालचा बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला, आणि हॅरोल्ड व्हार्मस, पॅट्रिक ब्राउन व मायकेल आयझेन या शास्त्रज्ञांनी उभारलेल्या ना-नफा तत्त्वावरील ‘पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स’ या संस्थेने २००३ साली आपले पहिले नियतकालिक सर्व जगास खुले केले. वाचकास काही द्यावे लागू नये म्हणून निबंध स्वीकारला गेल्यावर लेखकाकडून, म्हणजे बहुधा त्याच्या अनुदानातून, १,५०० डॉलर घ्यावेत अशी त्यांनी योजना केली. हेतूच्या शुद्धतेविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु या योजनेने जकातीचा नाका वेशीबाहेर पडण्याच्या वाटेवरून उचलून आत येण्याच्या वाटेवर नेऊन ठेवला, एवढेच प्रत्यक्षात घडले. पूर्वी दरिद्री वाचक बाहेर राहत असे. आता दरिद्री लेखक बाहेर राहू लागला. आणि व्यापारी प्रकाशकांनी ही युक्ती इतक्या त्वरेने आत्मसात केली की, ‘नेचर’ नियतकालिकाने २०२० साली निबंध खुला करण्यासाठी जाहीर केलेला दर ९,५०० युरो, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने आठ लाख रुपयांहून अधिक होता.

यावर शुल्कमाफीचा उपाय सांगितला जातो. अत्यंत गरीब राष्ट्रांतील लेखकांस माफी आपोआप मिळते. पण कित्येक प्रकाशकांच्या अशा यादीत भारताचे नाव नसते, कारण राष्ट्र म्हणून आपली एकूण मिळकत मोठी आहे. त्या मोठ्या मिळकतीतला किती अंश सांगोल्याच्या किंवा किनवटच्या महाविद्यालयातील अध्यापकाच्या वाट्यास येतो, याचा विचार त्या यादीत होत नाही. मग त्याने विनंतीअर्ज करावा, आपल्या अकिंचनतेचा दाखला जोडावा आणि उत्तराची वाट पाहावी. ज्याचा निबंध गुणावर स्वीकारला गेला आहे त्याला शेवटच्या पायरीवर याचक करणे, यात मला विद्येचा अवमान दिसतो, आणि ना-नफा म्हणविणाऱ्या संस्थेनेही तो केला तर तिच्या सनदेतील शब्दांनी तो धुऊन निघत नाही.

दोन्ही नाके उठवून काम चालते काय? चालते, आणि त्याचे एक ठळक उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील व त्यास जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांच्या संस्थेने १९५५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ काढले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ते संगणकाच्या जाळ्यावर सर्वांस खुले केले, आणि लेखकाकडूनही काही घेतले नाही. छापील अंकाच्या वर्गण्या व जाहिराती यांवर खर्च भागे. फुकट वाचावयास मिळाल्यावर वर्गणी कोण भरील, ही शंका तेव्हा सर्वांनी काढली होती. परंतु वाचक जगभर पसरल्यामुळे निबंधांची आवक वाढली आणि छापील अंकाची मागणीही खालावली नाही, असा अनुभव या उपक्रमामागील डॉ. डी. के. साहू यांनी मांडला. त्यांनी स्थापिलेल्या मुंबईच्या ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने याच रीतीने देशातील अनेक वैद्यकीय संस्थांची नियतकालिके खुली केली, आणि पाश्चात्त्य देशांत ज्या गोष्टीवर परिषदा भरत होत्या ती येथे मुकाट्याने घडून आली. २०११ साली ‘वोल्टर्स क्लुवर’ या बहुराष्ट्रीय मंडळीने मेडनो विकत घेतली. मेडनो ही खाजगी संस्था होती, तेव्हा तिच्या विक्रीत गैर काही नव्हते. परंतु एवढा मोलाचा कारखाना हस्तांतरित होत असताना तो चालवू शकेल अशी एकही सार्वजनिक विद्यासंस्था देशात पुढे आली नाही, याचे शल्य मला आजही आहे. नियतकालिकांची नावे व मालकी सामान्यतः त्या त्या वैद्यकीय संस्थांकडेच राहिली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

मालकीची ही बाब किरकोळ नव्हे. २०१५ साली भाषाशास्त्रातील ‘लिंग्वा’ या मान्यवर नियतकालिकाचे प्रमुख संपादक योहान रूरिक आणि त्यांचे सहकारी यांनी, सल्लागार मंडळासह, एकजुटीने राजीनामे दिले. कारण रास्त दरात व खुल्या रीतीने ते चालविण्याची त्यांची मागणी मालक एल्सव्हिअरने मान्य केली नाही. त्यांनी ‘ग्लोसा’ हे नवे नियतकालिक काढले आणि लेखक व वाचक त्यांच्या मागोमाग गेले. पण दशकानुदशके ज्यांनी नावास प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांना ते नाव मात्र मागे टाकून जावे लागले. म्हणून नियतकालिक काढणाऱ्या मंडळाने आपल्या घटनेत त्याच्या नावाची मालकी स्पष्ट लिहून ठेवणे, हे पहिल्या अंकाच्या संपादकीयाइतकेच आवश्यक काम आहे.

वाचकाकडून नाही आणि लेखकाकडूनही नाही, अशा रीतीने चालणाऱ्या नियतकालिकांची संख्या आपल्या समजुतीपेक्षा फार मोठी आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीचा अंदाज १७,००० ते २९,००० असा होता. ब्राझीलमधून १९९८ साली सुरू झालेली ‘सायेलो’ आणि मेक्सिकोतील एका सार्वजनिक विद्यापीठाने २००३ साली उभारलेली ‘रेडालिक’ या व्यवस्थांनी तर लॅटिन अमेरिकेतील अनेक नियतकालिके एका छत्राखाली आणून, शास्त्रीय ज्ञान हा सार्वजनिक खर्चाचा विषय आहे हे तत्त्व आचरणात आणले. आपल्याकडेही चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ साली बंगळूर येथे स्थापन केलेली भारतीय विज्ञान अकादमी आपली नियतकालिके लेखकाकडून शुल्क न घेता काढते व स्वतःच्या संकेतस्थळावर ती खुली ठेवते.

परंतु त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली: अशा नियतकालिकांपैकी सुमारे साठ टक्के स्वयंसेवकांच्या श्रमावर अवलंबून आहेत. येथे मला थोडे थांबावयाचे आहे, कारण न्यायाची चर्चा बहुधा वाचक आणि लेखक यांच्यापाशीच संपते. एका मराठी संशोधनपत्रिकेच्या संपादक मंडळात मी काही काळ होतो. तिच्या जमाखर्चाच्या वहीत कागद, छपाई, बांधणी, टपालहशील, अगदी सुतळीपर्यंत सर्व बाबींना रकाने होते. मुद्रिते तीन तीन वेळा वाचणाऱ्या, तळटीपांतील शके आणि इसवी सन ताडून पाहणाऱ्या, मोडी कागदांच्या वाचनातील शंका विचारण्यासाठी लेखकाच्या घरी खेपा घालणाऱ्या सहायकाच्या श्रमास रकाना नव्हता. त्या बाई एका शाळेतील नोकरी सांभाळून संध्याकाळी हे काम करीत, आणि वार्षिक सभेत त्यांच्या निरपेक्ष सेवेबद्दल आभाराचा ठराव होत असे. त्यांची प्रकृती ढासळल्यावर दोन अंक निघाले नाहीत. तेव्हा कोठे सभासदांस कळले की, पत्रिका वर्गणीवर चालते असे जे आपण समजत होतो ते खरे नव्हते. ती एका व्यक्तीच्या झोपेवर चालत होती. ज्यास घरची मिळकत आहे, पेन्शन आहे, सवड आहे, त्यालाच असा विनावेतन भार पेलता येतो. म्हणजे या व्यवस्थेत संपादक होण्याची पात्रता विद्वत्तेवरून ठरत नाही, सांपत्तिक स्थितीवरून ठरते, आणि ज्या समाजथरांना विद्येची दारे उशिरा उघडली त्यांतील तरुण या खुर्चीपर्यंत पोहोचतच नाहीत. भांडारकर मंदिरातील पाठभेद उतरविणाऱ्या शास्त्रीबोवांना वेतन मिळत होते, हे मी आरंभी सांगितले ते याचसाठी.

मग वेतनाची बेगमी कोठून करावी? माझ्या मते सर्वांत आशादायक वाट सामुदायिक वर्गणीची आहे. मार्टिन ईव्ह व कॅरोलाइन एडवर्ड्स यांनी लंडनमध्ये २०१५ साली सुरू केलेल्या ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ या संस्थेला जगभरची ग्रंथालये आपापल्या आकारमानानुसार दरसाल ठरावीक रक्कम देतात. मोठे विद्यापीठ अधिक देते, लहान महाविद्यालय थोडे देते, आणि जे देऊ शकत नाही त्याचे अध्यापकही लिहू आणि वाचू शकतात. अमेरिकेत १९३२ पासून चालत आलेल्या ‘अॅन्युअल रिव्ह्यूज’ या ना-नफा संस्थेची रीत याहून सावध आहे. पूर्वीचे वर्गणीदार पुरेशा संख्येने टिकले तर त्या वर्षीचा खंड सर्व जगास खुला करावयाचा. न टिकले तर तो वर्गणीदारांपुरता राहावयाचा. या अटीमुळे, शेजारी भरील आणि आपण फुकट वाचू, असा विचार करणाऱ्या ग्रंथालयासही आपला वाटा सोडून चालत नाही. २०२३ साली त्यांची सर्व, म्हणजे ५१, नियतकालिके अशा रीतीने खुली झाली. संस्थांस परवडेल तसा दर, वर्षानुवर्षे मिळणारी रक्कम, आणि दात्यांच्या सभेपुढे उघडा हिशेब, या गोष्टी जेथे जुळून येतात तेथे कोणा एका धनिकाच्या किंवा कोणा एका तपस्व्याच्या आयुर्मर्यादेवर प्रकाशन अवलंबून राहत नाही.

आता आपल्या देशातील एका ताज्या घटनेकडे वळतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये देऊन तीस प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके देशातील सुमारे ६,३०० शासकीय संस्थांतील विद्यार्थ्यांना व अध्यापकांना उपलब्ध करून देण्याची ही तरतूद आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यास मोठ्या संशोधनसंस्थेतील विद्यार्थ्याच्या बरोबरीने वाचावयास मिळावे, हा हेतू मला मनापासून मान्य आहे. परंतु या रकमेचा फार मोठा भाग परदेशी प्रकाशकांकडे जाणार, आणि मुदत संपताच वाचनाचा हक्क पुन्हा विकत घ्यावा लागणार, हेही तितकेच खरे. या रकमेचा शंभरावा हिस्सा म्हणजे साठ कोटी रुपये होतात. तेवढे जरी देशातील ना-नफा विद्यासंस्थांच्या नियतकालिकांसाठी, भाषेचा भेद न करता, वेतन, मुद्रितशोधन, दीर्घकाळ जतन आणि संगणकीय मांडणी या चार बाबींवर नेमून दिले, तर मराठी, कन्नड, तमिळ, बंगाली अशा भाषांतील किती पत्रिका पदरमोडीच्या अवस्थेतून वर येतील! आपल्याकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळापासून तालुक्याच्या गावातील लहान अभ्यासमंडळांपर्यंत ज्या संस्था मराठीतून संशोधन छापीत आल्या, त्यांच्या लेखनाची वाट या योजनेतील १३,००० नियतकालिकांतून जात नाही.

या मागणीला शासनापाशी वजन यावयाचे असेल तर आधी आपले घर नीट लावले पाहिजे. प्रत्येक पत्रिकेने आपला खरा खर्च, त्यातील विनावेतन श्रमाच्या तासांसह, दरसाल प्रसिद्ध करावा. पाचदहा पत्रिकांनी मिळून मुद्रितशोधक व संगणक-जुळणीकार पगारी नेमावेत. एकेकटीस न परवडणारी नेमणूक संयुक्तपणे परवडते. विद्यापीठांनी संपादनाच्या कामास अध्यापनाच्या तासांत सूट द्यावी. आणि ग्रंथालयांनी, अंक आता फुकट वाचावयास मिळतो म्हणून वर्गणी बंद न करता, तीच रक्कम त्या पत्रिकेचा पोषणनिधी म्हणून चालू ठेवावी. लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला तर दाखविता यावा म्हणून तसा ठराव महाविद्यालय विकास समितीत आधीच मंजूर करून घ्यावा. योजनेची मुदत २०२७ अखेर संपते; पुढील कराराच्या वाटाघाटींस त्यापूर्वीच आरंभ होईल. आपापल्या पत्रिकांचे असे हिशेब त्या वाटाघाटींच्या आत तयार करून ते संयुक्त निवेदनासह शिक्षण मंत्रालयाकडे पाठवावेत, अशी या सभेस उपस्थित असलेल्या संपादकांस, ग्रंथपालांस आणि प्राचार्यांस माझी आग्रहाची विनंती आहे, आणि त्या निवेदनाचा मसुदा करण्याच्या कामी माझे जे काही श्रम उपयोगी पडतील ते मी आनंदाने देईन.